आदल्या रात्रीचा मुक्काम

लढाईच्या गोष्टी सांगणारी माणसं मला आयुष्यात भरपूर भेटली. शाळेत भेटली, गणपतीतल्या व्याख्यानांना भेटली, आता तर फोन उघडला की भेटतात. पण लढाईच्या आदल्या रात्री माणसं झोपली कुठे, एवढ्या एका चौकशीसाठी डोंगर चढणारा माणूस मला एकच भेटला. ते आमच्या ऑफिसात डिस्पॅचला होते. शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना दादा म्हणायचे, म्हणून इथे मीही दादाच म्हणते. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं.

गंमत अशी, की दुसऱ्यांच्या झोपेचा इतका घोर लावून घेणाऱ्या या माणसाला स्वतःला झोप नव्हती. दिवसा तर नव्हतीच, रात्रीही जेमतेम. आधी आम्ही त्यावरून त्यांची थट्टा करायचो. शेवटच्या दोन-तीन वर्षांत ती थट्टा थांबली, कारण झोप त्यांच्या जिवावर उठली होती. मी सांगते आहे ती त्यांच्या झोपेचीच हकीकत, बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूचं.

वर्षातून दोन-तीनदा, थंडीच्या दिवसांत, दादा आम्हाला कुठल्यातरी जुन्या लढाईच्या वाटेवर न्यायचे. आम्ही म्हणजे मी, सुहास आणि प्रज्ञा. तिघंही फोर्टमधल्या त्या एकाच ऑफिसातले. मी फणसवाडीत वाढले आणि लग्नानंतरही दोन गल्ल्या सोडून तिथेच राहिले. सुहास दादरचा, घड्याळाचा गुलाम. निघण्याआधी परतीची गाडी कुठली हे ठरल्याशिवाय त्याच्या घशाखाली चहा उतरत नाही. प्रज्ञा भायखळ्याची. तिच्या तोंडाला लागायचं नाही, हे आम्ही पहिल्याच महिन्यात शिकलो. दादा आमच्याहून बरेच मोठे, पण डबा खायला ते आमच्याच टेबलावर यायचे आणि डबा खाता खाता या मोहिमा ठरायच्या.

मोहीम हा शब्द सुहासचा. दादा नुसतं "जरा जाऊन येऊ" म्हणायचे, कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची असल्यासारखं. वेष ऑफिसातलाच. शर्ट आत खोचलेला, खिशाला पेन, पायात कॅनव्हासचे बूट आणि काखेत प्लॅस्टिकच्या चटईची सुरळी. पहिल्या खेपेला ती चटई बघून मला वाटलं, हे परतताना कुठेतरी भजनाला बसणार असतील. चटई आमच्यासाठी होती, हे दुपारी कळलं.

बहुतेक वेळा आम्ही जायचो ती वाट एकच. कर्जतहून एस.टी. धरायची, घाटाखालच्या गावात उतरायचं आणि जुन्या वाटेने खिंडीत शिरायचं. खिंडीचं नाव लिहीत नाही. लढाई नेमकी तिथे झाली की पलीकडच्या नाळेत, यावरून जाणकारांची हातघाई अजून चालू आहे आणि मला त्यात पडायचं नाही. वाट मात्र विलक्षण आहे. आधी भाताची कापून झालेली खाचरं, मग करवंदीच्या जाळ्या, मग दोन्ही बाजूंचे कडे हळूहळू जवळ येत जातात आणि मधे दोन बैल जेमतेम जातील एवढीच जागा उरते. दगड पायांनी झिजून गुळगुळीत झालेत. तिथे शिरलं की आपलंच बोलणं जरा उशिराने, मागून कुणीतरी बोलल्यासारखं कानावर येतं.

या खिंडीत एका फौजेने दुसरीला गाठलं आणि पार कापून काढलं, असं गावातल्या पाटीवर लिहिलेलं आहे. सुहासला ती पाटी तोंडपाठ. वरून दगड कसे लोटले असतील, खालच्यांची कशी दाणादाण उडाली असेल, ते तो हातवारे करून दाखवायचा. दादा तोवर खाली वाकून जमीन बघत असायचे. त्याचं सगळं सांगून झालं की म्हणायचे, "ता सगळा बरोबर रे. पण आदल्या राती निजले खंय?"

एरवी दादा आमच्यासारखंच बोलायचे, हिंदी-इंग्रजी मिसळून. हा प्रश्न मात्र कायम मालवणीत. बहुधा तो त्यांच्या मनात त्याच भाषेत येत असावा. माणसं दिवसभर ओझी घेऊन चालत आली, त्यांच्याबरोबर घोडी होती, बैल होते, ती सगळी रात्री कुठेतरी आडवी झालीच असणार. पुस्तकांत त्याला 'मुक्काम केला' असे दोन शब्द. त्या दोन शब्दांवर दादांचं समाधान होत नव्हतं. अंगाखाली काय घातलं? डोकं कुठल्या बाजूला केलं? उद्या आपलं काही खरं नाही हे माहीत असलेल्या माणसाला झोप लागते का? हे त्यांना मनापासून जाणून घ्यायचं होतं आणि असं काही विचारणारा माणूस वेडा नव्हे तर काय, असं सुरुवातीला आम्हाला मनापासून वाटत होतं.

आणि ही चौकशी दोन्ही बाजूंची. कापल्या गेलेल्या फौजेचा तळ ते आधी शोधायचे. सुहासला हे झोंबायचं. शत्रूला झोप लागली की नाही याची तुम्हाला काय पडलीय, असं त्याने एकदा चिडून विचारलं. दादा जमिनीवरून मान वर न करता म्हणाले, "त्यांची पोरंपण घरीच होती ना रे."

जागा ठरवण्याची त्यांची पद्धत अशी: आधी उभं राहून वारा बघायचा, मग तळव्याने खडक चाचपायचा, कारण दिवसभर तापलेला खडक रात्री ऊब देतो. ओढ्याच्या अगदी काठाला झोपायचं नाही, पाण्याच्या आवाजात येणाऱ्याचे पाय ऐकू येत नाहीत. हे सगळं झालं की ते सरळ आडवे व्हायचे, शर्ट खोचलेलाच. डोळे मिटायचे, चार श्वास घ्यायचे आणि उठून म्हणायचे, "छे. इथे नाही." मग पन्नास पावलं पुढे तोच कार्यक्रम. कधी आम्हालाही आडवं व्हायला लावायचे आणि कुठे काय टोचतंय ते विचारायचे.

त्यांची माहिती बिनचूक होती असं कुणी समजू नये. एकदा त्यांनी लाल मुंग्यांच्या वारुळाशेजारी आख्खा घोडदळाचा तळ वसवला होता आणि प्रज्ञाच्या सलवारीत त्या तळाची शिबंदी शिरली होती. एकदा तर त्यांना खिंडीच्या तोंडाशी अशी एक जागा मिळाली की ते उठेचनात. एका पातळीतली, खडे वेचलेली, वारा अडवणारा बांध असलेली. दादांनी जमिनीवरून तळवा फिरवला. इथेच, म्हणाले, बघा, माणसांनी हाताने साफ केलेली जमीन आहे ही. आम्हीही चपला काढून उभे राहिलो. तेवढ्यात गावातली पोरं बॅट घेऊन आली आणि जरा बाजूला होता का, मॅच आहे, असं म्हणाली. प्रज्ञा त्या दिवशी कर्जत येईपर्यंत हसत होती आणि दादाही हसत होते. पण मधेच हसू थांबवून म्हणाले की क्रिकेटला चांगली म्हणजे झोपायलाही चांगलीच.

हल्ली खिंडीत रविवारी गर्दी असते. एकसारखे टी-शर्ट, झेंडे, घोषणा, वर ड्रोनची घरघर. दादा त्यांच्यावर कधी वैतागले नाहीत. नुसते एका दगडावर बसून राहायचे. दुपारी बाराच्या सुमाराला ती मंडळी फोटो काढून निघून जायची आणि मग खिंड आमची व्हायची. आम्ही डबे उघडायचो. दादांच्या बहिणीने, आम्ही त्यांना ताई म्हणायचो, दिलेले घावणे आणि लसणाची चटणी, माझ्याकडचा दहीभात, प्रज्ञाकडचं सुकं चिकन. जेवण झालं की दादा चटई अंथरायचे आणि हुकूम सोडायचे, "झोपा आता. पहारा माझा."

प्रत्येक तळावर एक माणूस जागा असतोच, तो आपल्यात मी, असं त्यांचं म्हणणं. नाहीतरी मला लागत नाही, तुम्ही फायदा करून घ्या. आणि एक नियम होता. पहाऱ्यावरच्या माणसाने कुजबुजायचं नाही. कुजबुजलं की झोपलेला दचकतो, साधं नेहमीच्या आवाजात बोललं की त्याला गाढ लागते. म्हणून दादा एकटेच काहीबाही बोलत बसायचे. वाटेने जाणारी एखादी बाई मोळी टेकवून थांबायची, तिच्याशी वालाच्या शेंगांवर बोलायचे. कुणीच नसलं तर झाडाशी बोलायचे.

मला घरी रात्री अकराच्या आत अंथरूण दिसत नाही आणि पाठ टेकली की उद्याची भाजी डोक्यात शिरते. त्या खिंडीत मात्र मी अशी झोपायचे की काही विचारू नका. झोप आणि जाग यांच्या मधे एक पातळ जागा असते, तिथे मी तासन्‌तास असायचे. दादांचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. कड्यावरून ऊन उतरत असायचं. आणि मग हळूहळू मला वाटायला लागायचं की आजूबाजूला आणखी खूप माणसं झोपलेली आहेत. घोंगड्या डोक्यावरून ओढलेली, एकमेकांच्या पाठीला पाठ लावून. कुणीतरी खोकतंय. एक घोडं शेपटी हलवतंय. कुणाचं तरी बोट माझ्या पदराच्या टोकाला लागलंय, आणि मी सलवार-कमीज घालून आलेली आहे हे आठवूनसुद्धा तो पदर खरा वाटायचा. भीती अजिबात नाही. ती सगळी माणसं निर्धास्त होती, कारण दादांचा आवाज त्यांनाही ऐकू येत होता.

उठलो की चहा, आणि चहाबरोबर दादा प्रत्येकाला काय दिसलं ते विचारायचे. मी सांगायचे, ते अधाशासारखं ऐकायचे. प्रज्ञाला एकदा फौजेच्या सगळ्यात मागे भाकऱ्या थापणारी बाई दिसली आणि तिचं तोंड तिच्या आत्यासारखं होतं. सुहासला दर वेळी काहीच दिसायचं नाही, पण तो घोरायचा दणदणीत. दादांना स्वतःला विचारायची सोय नव्हती. ते म्हणायचे, माझं तुमच्यावर चालतंय.

खिंडीत जे चालायचं तेच त्यांचं मुंबईतही. लग्नाला गेले की जेवणाच्या आधी चौकशी, बाहेरगावच्या पाहुण्यांची झोपायची सोय कुठे केली. लालबागला गणपतीच्या दिवसांत लोक दर्शनाच्या रांगेत, आणि हे मंडपामागे, रात्रपाळी केलेले कार्यकर्ते कुठल्या फळकुटावर पडलेत ते बघायला. प्रज्ञाचे वडील इस्पितळात होते तेव्हा आम्ही सगळे भेटीच्या वेळेत सफरचंदं घेऊन गेलो. दादा संध्याकाळी सगळे निघून गेल्यावर चटई घेऊन गेले. व्हरांड्यात ती अंथरली आणि प्रज्ञाला म्हणाले, तू झोप, बाबांचं काही असलं तर मी उठवतो. असं ते रोज गेले, वडील घरी येईपर्यंत. प्रज्ञाने हे आम्हाला कितीतरी दिवसांनी सांगितलं, आणि तेसुद्धा दुसरंच काहीतरी सांगता सांगता.

हे सगळं कुठून आलं, ते मला त्यांच्या खोलीवर गेल्यावर कळलं. लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली. दादा लहान असताना तिथे आईवडील, ही दोन भावंडं आणि गावाकडून गिरणीत लागायला आलेले काका, मामा, चुलतभाऊ, मिळून इतकी माणसं राहायची की एकाच वेळी सगळ्यांनी झोपायचं ठरवलं असतं तर अर्धी जिन्यावर गेली असती. पण तशी वेळच यायची नाही. एक पाळी जायची, दुसरी यायची. वडील उठले की त्यांच्या गरम अंथरुणावर रातपाळीचे काका पडायचे. खोलीत चोवीस तास कुणीतरी झोपलेलं आणि कुणीतरी जागं. स्टोव्ह पेटलेला, कप वाजतायत, कुणी हळू आवाजात गावची खबर सांगतंय. दादा त्या आवाजात वाढले. ते म्हणायचे, माझ्या लहानपणी अंधार होता, पण सामसूम मी बघितलीच नाही.

वडिलांची एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे. वडील साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. पाळी संपल्याचा भोंगा झाला तरी साचा सोडून निघायचं नाही. पुढच्या पाळीचा माणूस यायचा, मागून खांद्यावर हात ठेवायचा, 'आलो' म्हणायचा. मगच आधीचा सुटायचा. यंत्रांच्या धडधडाटात ते 'आलो' ऐकू येत नसे, पण हात कळायचा. एकदा पुढचा माणूस आलाच नाही आणि वडील लागोपाठ दोन पाळ्या उभे राहिले. घरी आल्यावर त्यांना झोपच येईना, कारण हात पडला नव्हता. प्रज्ञाचे आजोबाही गिरणीतच, पण सूतकताईच्या रिंग खात्यात. साच्यावर त्यांच्या लोकांना घेत नसत, कारण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यांच्या जातीचं उष्टं बाकीच्यांना चालत नसे. तिने दादांना विचारलं होतं की तिकडे पण असाच हात ठेवायचे का. दादा म्हणाले, मला माहीत नाही गो, पण थकलेला खांदा सगळ्यांचा सारखाच. ती म्हणाली, खांदा सारखा असेल, ठेवणारा हात सारखा नव्हता. दादांनी होकारार्थी मान हलवली.

मग चाळ पडली आणि तिच्या जागी टॉवर आला. दादा निवृत्त झाले त्याच सुमाराला त्यांना ताबा मिळाला. विसाव्याच्याही वरचा मजला, दोन बेडरूम, खाली बघितलं तर लालबागचा पूल खेळण्यातल्यासारखा. आम्ही वास्तुशांतीला गेलो तेव्हा दादांनी स्वतःची खोली उघडून दाखवली. पलंग, गादी, एसी, दार लावलं की बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना झोपायला स्वतःची जागा मिळाली होती. आम्ही खूप चिडवलं, आता दादा दुपारी बारापर्यंत उठायचे नाहीत म्हणून.

त्या खोलीत त्यांचा डोळा लागला नाही. आधी चार-दोन तास तरी लागायचा, तोही गेला. ताई फोनवर रडकुंडीला यायच्या. म्हणायच्या, रात्रभर दाराजवळ खुर्ची टाकून बसतो, मी म्हटलं कुणाची वाट बघतोस, तर म्हणतो कुणाची नाही, कुणीतरी जागं हवं ना. गोळ्या झाल्या, काढे झाले, पायाला तेल झालं. दादांचे हात कापायला लागले. बोलता बोलता वाक्य अर्धं सोडून ते भलतीकडेच बघायचे. एकदा बसमधून उतरताना पडले आणि भुवईवर टाके पडले. डॉक्टरांनी ताईंना स्पष्ट सांगितलं, हे असंच चाललं तर हृदय धरणार नाही, काही महिन्यांचा प्रश्न आहे.

शेवटी ताईच म्हणाल्या, तुम्ही तुमच्या त्या डोंगरात घेऊन जा त्याला. खूप चालवा. दमला तर झोपेल.

म्हणून आम्ही दादांना दमवायला म्हणून निघालो. ठरवून लांबचा रस्ता घेतला, गावातून न जाता ओढ्याकाठाने, वर पठारावर चढून पुन्हा खाली खिंडीत उतरणारा. झालं उलटंच. दादा कापऱ्या हाताने काठी टेकत संथ चालत राहिले आणि आम्ही तिघं जीभ बाहेर काढून त्यांच्या मागे. जागा चाचपायला मात्र ते त्या दिवशी एकदाही वाकले नाहीत. मला त्याचीच भीती वाटली. सुहासने मुद्दाम एका सपाट खडकाजवळ थांबून विचारलं, दादा, इथे असेल का हो मुक्काम? ते म्हणाले, असेल.

खिंडीत जेवलो. दादांनी दोन घास खाल्ले. मग नेहमीप्रमाणे चटई अंथरली आणि स्वतः दगडावर जाऊन बसले. झोपा, म्हणाले, पहारा माझा. आम्ही पडलो खरे, पण तिघांचेही डोळे किलकिले. दादा बसल्या बसल्या पुढे झुकत होते, दचकून सरळ होत होते, पुन्हा झुकत होते. बोलायचा नियम पाळायचा म्हणून काहीतरी पुटपुटत होते, त्यात अर्थ नव्हता. हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत मरतो आहे, असं मला त्या क्षणी स्पष्ट वाटलं.

प्रज्ञा उठली. ती त्यांच्या मागच्या बाजूने गेली आणि तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"दादा, आले मी," ती म्हणाली. "सुटा आता तुम्ही."

दादांनी वळून बघितलं नाही. मला लागत नाही गो, असं काहीतरी बोलले. ती म्हणाली, नको लागू दे, पण तुमची पाळी संपली. हात तिने काढला नाही. दादा आणखी एकदा झुकले, सरळ झाले. मग एकदम, माणसाच्या अंगातला कणा कुणीतरी अलगद काढून घ्यावा तसे सैल झाले. प्रज्ञाने त्यांना धरून चटईवर आणलं. बूट मी काढले. दादा कुशीवर वळले, हात उशाला घेतला आणि त्यांना झोप लागली. शर्ट त्याही वेळी खोचलेलाच होता.

आम्ही तिघं त्यांच्याभोवती बसलो. मी कुजबुजायला लागले तशी प्रज्ञाने डोळे वटारले, आणि मग आम्ही नेहमीच्या आवाजात बोलायला लागलो. काय बोललो ते आता सांगितलं तर हसाल. सुहासच्या सोसायटीतल्या पाण्याच्या मोटरवर बोललो. भायखळ्याच्या मार्केटात मटार कधी उतरतील त्यावर बोललो. माझी जाऊ कशी विचित्र आहे, हा विषय मला बराच वेळ पुरला. दादांचा श्वास एका लयीत चालला होता आणि मधूनच ते घोरत होते. ऊन कड्यावर चढत चढत गेलं. करवंदीच्या जाळीत पाखरं परतायला लागली. मोळीवाली एक बाई थांबली, आजारी आहेत का विचारलं. नाही, झोपलेत, असं म्हटल्यावर तीही मोळी उतरवून टेकली आणि तिने तिच्या सुनेचं सुरू केलं.

शेवटची एस.टी. सूर्य बुडायच्या सुमाराला असते. सुहासने घड्याळ बघितलं, मग दादांकडे बघितलं. आत्ता उठवलं तर गाडी मिळत होती. सोमवारी सकाळी त्याला ऑडिटला बसायचं होतं, घरी तसं सांगून आला होता. खालून गाडीचा हॉर्न आला. वळणावर तिचा लाल टप झाडांतून दिसला आणि गेला. सुहासने मनगटावरचं घड्याळ सोडून सॅकच्या कप्प्यात टाकलं आणि मला विचारलं, "हं, मग तुझी जाऊ काय म्हणाली?"

दादा उठले तेव्हा समोरचं माणूस ओळखू येईल एवढाच उजेड होता. त्यांनी आधी आम्हाला मोजल्यासारखं एकेकाकडे बघितलं. मग गाडी चुकवलीत म्हणून जे काही झापलं, की ऑफिसातही कधी आवाज न चढवलेला माणूस तो हाच का, असं वाटावं. बूट घालताना मात्र त्यांचे हात स्थिर होते. भाजीच्या टेम्पोत बसून आम्ही कर्जतला आलो आणि काय दिसलं ते मी टेम्पोत विचारलं. म्हणाले, "काय नाय. काळोख. मस्त."

दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन. तुम्ही त्याला काय दिलंत? कुठलं औषध? आम्ही काहीच दिलं नव्हतं. हे त्यांना पटवायला आम्हाला लालबागला जावं लागलं.

मग आम्ही जातच राहिलो. शनिवारी दुपारी, तिघंही. दादा आत पलंगावर, दार सताड उघडं, आणि बाहेर हॉलमध्ये आम्ही आणि ताई. पत्ते, चहा, भांडी, गप्पा. हळूहळू ताईही शिकल्या. रात्री हॉलमध्ये अंथरूण घालून त्या फोनवर गावच्या मैत्रिणींशी बोलत राहायच्या. दादांचे हात सुधारले, भुवईचा व्रण फिका झाला. डॉक्टरांनी दिलेल्या महिन्यांची दोन वर्षं झाली. शनिवारी बोलता बोलता आम्ही कधी थांबलो, सगळ्यांचं बोलून संपलं, की आतून झोपाळू आवाज यायचा, "थांबलात का? बोला की."

गेले तेही झोपेत, एका सकाळी. ताई स्वयंपाकघरात रेडिओ लावून नारळ खवत होत्या.

आम्ही तिघं अजून भेटतो. कधी प्रज्ञाकडे, कधी माझ्याकडे. बोलता बोलता विषय संपतो, एकदम शांत होतं. तेव्हा आमच्यापैकी कुणीतरी एकजण चटकन, काहीही, मटारावरून का होईना, बोलायला सुरुवात करतो.